तेलानं खाल्लेले पाइप

जालन्याच्या एमआयडीसीत, सळया ओढायच्या एका कारखान्यात मी भट्टी सांभाळतो. एवढ्या मोठ्या आगीचा कारभारी असूनही घरी मला गॅसवर दूध ठेवू देत नाहीत. उतू जातं म्हणे.

या उन्हाळ्यात भट्टीवरचे हवा तापवायचे पाइप फुटले आणि शेठनी खापर फोडलं वेल्डरवर. वेल्डर म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. कामावर त्याला मीच लावलेलं. बायकोनं सकाळी डबा हातात देतानाच बजावलं, "त्याची नोकरी गेली तर उद्यापासून भाकरी भट्टीवरच शेका."

कारखान्यात गेल्यावर आधी एक पाइप कापला आणि शेठच्या टेबलावर ठेवला. वेल्डिंगचे जोड शाबूत होते. जोडांच्या मधला पाइप मात्र चाळणी झालेला, वर राखेची काचेसारखी घट्ट खपली.

"शेठ, ह्याला तेलानं खाल्लं."

शेठ हसले. "काका, दसऱ्याला आपण विळ्या-कोयत्यांना तेल चोळतो ते गंज लागावा म्हणून का?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. सवयीनं मीही हसलो, मग स्वतःचाच राग आला.

"ते खोबरेल असतं. हे भट्टीचं स्वस्तातलं काळं तेल. ह्यात गंधक हाये, व्हॅनेडियम नावाचा धातू हाये. जळल्यावर राख उरती, ती ह्या आचेत वितळून पाइपाला चिकटती आन् लोखंडाची साल सोलती. वेल्डिंग कुणीबी करो."

"म्हणजे तेल मी चुकीचं आणलं?"

मी पाइप त्यांच्याकडं सरकवला. "व्हय."

"वेल्डरला घरी पाठवा. पाइप दुसरा कुणी जोडेल. तुम्ही भट्टी पेटवायची तयारी करा."

"तो गेला तर भट्टी मी पेटवत न्हाई."

एवढं बोलून भट्टीसमोर उलट्या बादलीवर ऐटीत बसलो. माझ्या वजनानं बादली चेपली. तरी उठलो नाही. मेव्हणा कानाशी कुजबुजला, "दाजी, माझ्यापायी तुमचीबी जाईल."

"जाऊ दे. तुझ्या बहिणीपेक्षा शेठ परवडले."

दुपारपर्यंत भट्टी थंडच. शेवटी शेठ स्वतः आले. "राहू द्या त्याला. पण तेल हेच येणार."

"मंग पाइप परत फुटणार. फुटले की कापून परत तुमच्या टेबलावर ठेवणार."

"ठेवा," शेठ फणकारले.

मेव्हण्यानं वेल्डिंगची काळी काच डोळ्यांपुढं धरली आणि नव्या पाइपाला पहिला टाका मारला.