पहिला शब्द शेजाऱ्याला

हिवाळ्यातल्या सकाळी चौलच्या आमच्या वाडीत एक तुरट, ओलसर, किंचित आंबूस वास दाटून असतो. अंगणभर वाळत घातलेल्या सुपारीचा तो वास. पोफळींच्या शेंड्यांवरचं धुकं अजून विरलेलं नसतं, पाटाचं पाणी मुळांशी हलक्या पावलांनी पोचत असतं, आणि पायरीवर चहाचा पेला घेऊन बसलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तराला त्या प्रसन्न घटकेला वाटतं, या सुखाचं मोल कोण करणार? पण मोल करणारे हल्ली रोज येतात. मोटारीसकट बोटीत बसून मुंबईकराला तासा-दीड तासात आमच्या किनाऱ्याला लागता यायला लागलं, तेव्हापासून आमच्या गावाला पाहुण्यांपेक्षा गिऱ्हाइकांचीच सवय झाली आहे.

असाच एक जमिनीचा एजंट एकदा मला म्हणाला, "सर, तुम्ही बसल्या जागी करोडपती झालात. टेन्शन कशाला घेता?" त्याच दुपारी हा करोडपती शिडी लावून छपरावर चढला, कारण माकडांनी चार कौलं फोडली होती आणि कौलं चढवणारा माणूस दोन दिवस फिरकला नव्हता.

छपरावर बसल्याबसल्या मी विचार करत होतो. घराचा भाव वाढतो तेव्हा नेमकं वाढतं काय? खोली एकही वाढत नाही, विहिरीचं पाणी चढत नाही, नारळ काही जास्त धरत नाही. ज्या घरात आपण राहतो त्याचं मोल हाती येतं ते त्या घराचा उंबरठा कायमचा ओलांडल्यावर, आणि ओलांडून जावं तरी कुठे? पुढच्या दारावरही तोच चढा भाव लिहिलेला. एवढं सगळं समजत होतं तरी छाती फुगायची ती फुगलीच. समजणं आणि फुगणं ही दोन कामं माणसाला एकाच वेळी उत्तम जमतात.

त्या फुगलेल्या दिवसांतच मी वाडीचा उत्तरेचा पट्टा मुंबईच्या एका गृहस्थांना विकला. गरज नव्हती, भाव होता. आमच्या आळीत तोवर कोणालाच मिळाला नव्हता असा भाव. रेवदंड्याच्या बाजारात लोक मला थांबवून विचारायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, आकडा जरा मोठ्यानेच सांगायचो. पुढे आळीत जो तो तोच आकडा मागू लागला.

यात एक गोष्ट माझ्याकडून राहिली. राहिली म्हणजे मी ती राहू दिली. आमच्याकडे विहिरी सामाईक. एकाच्या वाडीतला पाट दुसऱ्याच्या वाडीतून जातो. म्हणून वाडी विकायची तर पहिला शब्द शेजाऱ्याला, अशी जुनी रीत आहे. त्याला झेपलं तर तो घेईल, नाही झेपलं तर मग बाहेरचा. ही रीत कुठल्या कायद्यात नाही, पण पाणी ज्याच्या दारावरून येतं त्याला विचारल्याशिवाय दार विकू नये, एवढं शहाणपण त्यात आहे. माझ्या दक्षिणेच्या कुंपणापलीकडे यमुनावहिनी राहतात. त्यांची वाडी तेव्हा दिरांच्या सामाईकात अडकलेली, आणि त्यांचा मुलगा महेश घर बांधायला जागा शोधतो आहे, हे मला पुरतं ठाऊक होतं. त्यांना विचारलं असतं तर आळीतल्या चालू भावानं त्यांनी पट्टा घेतला असता. आणि नेमकं म्हणूनच मी विचारलं नाही.

पुढे महेशने माणगावला, तो कामाला जातो त्या कारखान्याजवळ, कर्ज काढून फ्लॅट घेतला. माझ्या उत्तरेला मात्र एक उंच भिंत उभी राहिली. तिच्यामागच्या सुंदर बंगल्यात वर्षातले बहुतेक दिवस दिवा लागत नाही.

मग माझी शुभदा गावाकडे परत आली. पट्टा विकला तेव्हा ती पनवेलला होती, परतेल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. अलिबागच्या दवाखान्यात तिला नर्सची नोकरी मिळाली, जावयांनीही इकडेच काम धरलं. आमच्या तीन खोल्यांत थोरल्या मुलाचा संसार भरलेला, म्हणून तिनं रेवदंड्यात भाड्याची जागा घेतली. सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला, की मालकाला त्याच खोल्या पर्यटकांना द्यायच्या असतात. तीनदा तिनं बिऱ्हाड हलवलं. प्रत्येक वेळी टेंपोत तिची भांडी मीच चढवून दिली. जागा घ्यायची म्हणून ती दोघं हिंडली, आणि जिथे गेली तिथे त्यांना माझाच आकडा ऐकवला गेला. "बाबा, सगळे तुमचंच नाव सांगतात," एवढंच ती म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी भाव पडण्याची वाट पाहू लागलो. हो, मीच! काल ज्या चढाला नारळ वाढवला, त्याच्या उताराला आज नवस बोलू लागलो. विकणाऱ्याला चढ गोड, घेणाऱ्याला उतार गोड, हे तर शाळेतलं पोरही सांगेल. पण एकाच घरात बाप विकणारा आणि लेक घेणारी असेल तर त्या घरानं कुठल्या बाजूला हात जोडावेत?

गेल्या माघात एका सकाळी यमुनावहिनी कुंपणाच्या बेड्यातून, म्हणजे आडव्या बांबूंच्या फाटकातून, आत आल्या. वर्षापूर्वी त्यांची वाटणी झाली होती आणि आमच्या बाजूचा पट्टा त्यांच्या वाट्याला आला होता.

"मास्तर, पट्टा इकायचा हाय. म्हेशचं कर्ज जरा हलकं व्हईल. आदी तुमाला इचारते, मग बाकीच्यांना."

त्यांनीच पुढे भाव सांगितला. तो माझ्या विक्रीच्या आधीचा, जुना भाव होता.

"एवढा कमी?" मी विचारलं.

"शुभदा हितं ऱ्हाईल. रातचा दिवा लागनारा शेजार पायजे मला. भिंत न्हाय पायजे."

त्या गेल्या आणि मी आनंदानं अक्षरशः उठून उभा राहिलो. उतरला, भाव उतरला! चार पावलं चाललो आणि पुन्हा पायरीवर बसलो. कारण उतरलेला भाव काही आभाळातून उतरला नव्हता. तो वहिनींच्या पदरातून उतरला होता. माझ्या लेकीला जेवढं स्वस्त, तेवढेच महेशचे हप्ते लांब. मी इतके दिवस ज्याची वाट पाहत होतो ते हेच होतं, फक्त ते कोणाच्या तरी घरातून येणार, हे मी मनात येऊ दिलं नव्हतं. लाज वाटली. फार वाटली.

दुसऱ्या दिवशी मी बेडं ओलांडून त्यांच्या ओटीवर गेलो. "वहिनी, मला जो भाव मिळाला, तोच तुम्हाला." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. माझ्या पट्ट्याचे पैसे बँकेत होते, ते काढले. घर बांधायचं कर्ज जावई काढणार होते. उठताना मला राहवलं नाही.

"मी तुम्हाला विचारलं नव्हतं. मग तुम्ही का आलात?"

"तुमी चुकलात म्हनून म्या बी चुकू व्हय?" त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

पुढच्या रविवारी पाया आखला. उत्तरेला गेली तेवढी जमीन दक्षिणेला आली, ज्या भावानं गेली त्याच भावानं आली. माझ्या चढत्या भावाचं सारं वैभव ते एवढंच.

महेश त्या दिवशी मुद्दाम माणगावहून आला होता. आता चाळिशीचा, कानशिलं पिकलेला. त्यानं शुभदाबरोबर फीत धरली, खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघेत उभा राहून पश्चिमेकडे तोंड केलं.

"मोठी खिडकी या अंगाला ठेव गं शुभदा," तो म्हणाला, "वारा हितून येतो. म्या बी माझ्या घराला तशीच ठेवनार व्हतो."

त्यात टोमणा नव्हता. पाच वाजता त्यानं हात धुतले, आईला सांगितलं, आणि माणगावच्या एसटीसाठी नाक्याकडे निघाला. मी बेड्याशी उभा होतो. राहा आजचा दिवस, असं त्याला म्हणावंसं वाटलं. पण त्याच्याच गावात त्याला राहा म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.