कातडीचा मुकादम

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकणार, त्याबद्दल माफी. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात उजव्या हाताचं एक बोट नीट वळत नाही. त्याचीच गोष्ट लिहिते.

रत्नागिरीजवळच्या काजूच्या कारखान्यात मी बी फोडायला जात असे. घरावरची कौलं बदलायला मालकांकडून उचल घेतली होती, ती मजुरीतून फेडायची. मालक फार दयाळू. उचल देताना ते हसलेसुद्धा. मग एके दिवशी बीतला चीक उडाला आणि तळहाताची कातडी गेली. काम बंद, मजुरी बंद, उचल तशीच.

चीक लागू नये म्हणून आम्ही बी फोडताना हाताला राख चोळतो. तेव्हा जखमेवरही राखच. रोज सकाळी ती काथ्याने घासून धुवायची आणि नवी लावायची. एवढी स्वच्छता पाळूनही जखम मिटेना, म्हणून मला जखमेचाच राग आला.

मुकादम दारात येऊन जाई. "काय गो बाय, हात बरा झाला काय? मालक विचारतायत." मुंबईतल्या नवऱ्याला नव्हती एवढी मालकांना माझ्या हाताची काळजी.

तेवढ्यात नणंदेचा मुलगा सुट्टीत आला. तो डॉक्टरी शिकत होता, म्हणजे त्याला सगळंच माहीत. हात बघून ओरडला, "मामी, रोज कातडी खरवडून काढतेस की काय?"

"राख धुते रे."

"राखेबरोबर तीपण जाते!"

मग त्याने ओटीवर बसून समजावलं. कातडीतल्या पेशी भिंतीतल्या चिऱ्यांसारख्या एकमेकींना चिकटून असतात. जखम झाली की पेशीच्या पोटातली काही प्रथिनं जागी होतात. कुठलं काम चालू करायचं, कुठलं बंद, हे ती ठरवतात. त्यांचा हुकूम सुटला की कडेच्या पेशी शेजारणीला सोडतात, चपट्या होतात, पाय पसरतात आणि उघड्या जागेवरून पुढे सरकतात. समोरून येणाऱ्या भेटल्या की थांबतात.

"म्हणजे आतपण मुकादम आहे?"

"तसंच समज."

"आणि मजुरी?"

तो पाणी उकळायला ठेवायला उठला. पुस्तकात ते नसावं.

माझ्यासाठी कुणीतरी हुकुमासरशी धावतंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. आणि मी त्या बिचाऱ्यांना रोज सकाळी काथ्याने हाकलून देत होते.

राख बंद केली. उकळून गार केलेलं पाणी आणि धुतलेलं फडकं, बस. शेजारणी हळहळल्या, राखेविना कुठं जखम बरी होते? पण कडेने पातळ गुलाबी कातडी आत सरकताना दिसू लागली. शेवटी जखम मिटली. जरा आवळूनच मिटली, म्हणून बोट असं.

कामावर गेले तेव्हा मुकादम म्हणाला, "बघ, राखेनं बरा झाला ना!" मी लाजरी, मान हलवली.

दर शनिवारी मजुरीतून पैसे कापले जात होते. एका शनिवारी मुकादम म्हणाला, "फिटली गो बाय तुझी उचल." मालक त्या दिवशी काही हसले नाहीत. पण उचल पुरती फिटली, त्याच हाताने.