स्पीकरवरचे काका

विकायचं होतं आणि मी घेतलं. अंगठा घाईत होता, चष्मा सापडत नव्हता, आणि कुठलं बटण कशाचं हे कळायच्या आत मोबाइलवर 'खरेदी पूर्ण' असं उमटलं. बाजार गडगडत असताना अख्ख्या लालबागमध्ये शेअर घेणारा मी एकटाच असेन. पैसे लेकीच्या कॉलेजचे होते.

चूक माझी; घाई मात्र काकांच्या आवाजाची.

काका आमच्याच मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत राहायचे. कानानं अधू, म्हणून फोन कायम स्पीकरवर. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि आपल्या गाववाल्या दलालाशी असं बोलायचं, की खालच्या मजल्यावरची मंडळीही कांदा चिरायची थांबत. चाळीचा सगळा शेअरबाजार त्या आवाजावर चाले. काकांनी बँक घेतली की शेजारचे परब बँक घेत. काकांनी विकली की परब धावत आत.

फोन ठेवून काका आमच्याकडे वळायचे. "माझा काय आयकतास? तुमचा तुम्ही बघा." आम्ही हसायचो. मुरलेला माणूस असंच बोलतो, हे आमचं ठाम मत. मग काकू चहा घेऊन येत.

साथीचे दिवस आले. रस्ता सुना, सगळे घरात, बाजार रोज आणखी खाली. आम्ही तोंडाला रुमाल बांधून काकांकडे बघत उभे. काका गप्प. काकूंचा चहाही बाहेर येईना.

"काका, काहीतरी बोला हो," परब म्हणाले. "छातीत धडधडतंय."

काका उठून आत काकूंकडे गेले.

मग एका सकाळी फोन लागला. "सगळा काढ," काका म्हणाले. "आजच्या आज."

गॅलरी क्षणात रिकामी! दारं आपटली, घराघरात 'विका, विका' सुरू झालं. मी चष्म्यासाठी बायकोला हाका मारतोय, तर ती बाहेर काकांना चहा देत होती. "ही काय चहाची वेळ आहे?" मी खेकसलो. अंगठ्याचा पराक्रम त्यानंतरचा.

संध्याकाळी काकूंना धरून काका जिना उतरले. खाली अ‍ॅम्ब्युलन्स. हृदयाचं ऑपरेशन होतं.

काकू वाचल्या. पुढे बाजारही सावरला; लेकीची फी माझ्या गाढवपणातून निघाली. बाकी सगळे तळाला विकून बसले होते, त्यांनी काकांशी अबोला धरला. "ऑपरेशनसाठी विकत होते, तर सांगायचं ना तसं!" काका खुर्ची टाकत राहिले, पण स्पीकर बंद. फोन कानात दाबून "काय? काय म्हणतंस?" करत बसायचे. नंतर दोघं कुडाळला लेकाकडे गेली; खुर्ची गॅलरीतच राहिली. गेल्या वर्षी काका तिकडेच वारले.

परवा बाजार पुन्हा घसरला. बाहेर पाहिलं, तर परब मोबाइल घेऊन काकांच्या रिकाम्या खुर्चीपाशी उभे.

"भला माणूस," मी बायकोला म्हटलं. "पण तेव्हा सांगायला हवं होतं."

"सांगितलं की. त्याच फोनवर. 'हिचा ऑपरेशन आसा, डॉक्टर थांबूक तयार नाय.' तुम्ही सगळे आत पळाला होतात."

"मग तू तरी सांगायचंस!"

"लगेच आत येऊन सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा शोधत होतात."