प्रेक्षकाने शिट्टी वाजवल्यास

अंधेरीतल्या एका मराठी शाळेत मी तेहतीस वर्षं पी.टी. शिकवली. एवढी वर्षं माझ्या गळ्यात दोन गोष्टी कायम असत, मंगळसूत्र आणि शिट्टी. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल दिली, नारळ दिला, पण शिट्टी परत मागायचं कुणाला सुचलं नाही. मलाही ती काढायचं सुचलं नाही. घरात तिचा उपयोगच होता. नवरा आतल्या खोलीत पेपर वाचत बसला की त्याला जेवायला बोलावताना घसा सुकतो. शिट्टी एकदाच वाजवावी लागते.

फुटबॉलशी माझा संबंध फक्त शाळेपुरता. एक बॉल, त्याच्यामागे साठ मुलं, आणि गोल कुठल्या बाजूला आहे हे कुणालाच ठाऊक नाही. आपल्या शहराचा खराखुरा क्लब आहे, पगार घेऊन खेळणारे खेळाडू आहेत आणि ते आमच्या घरापासून दहा मिनिटांवर खेळतात, हे मला लांबून येणाऱ्या ढोलांच्या आवाजावरून कळायचं, इतकंच.

मला तिथे ओढून नेलं ते आमच्या तळमजल्यावरच्या शेजारणीने. ती मूळची आंबोलीच्या गावठाणातली, ख्रिश्चन, वय अडुसष्ट. तिचे वडील आणि चारही भाऊ चर्चच्या टीममधून खेळलेले. तिच्याकडे आख्ख्या सीझनच्या दोन सीटा होत्या, एक तिची आणि एक नवऱ्याची.

एके दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "बाय, नवऱ्याचा गुडघा गेला. सीट रिकामी हाय. चल."

"अगं, मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचं काय त्यात? आपला बॉल घेऊन पुढे गेला की ओरडायचं. त्यांचा आला की शिव्या द्यायच्या."

"मी शिक्षिका होते गं."

"मग नुसती ओरड."

गेले. आणि खरं सांगते, बिघडले. तेहतीस वर्षं मी मुलांना "ओरडू नका" सांगत आले होते. इथे ओरडण्याबद्दल लोक पाठ थोपटत होते. ढोल, झेंडे, गॉगल लावून नाचणारे काका, डब्यातून ढोकळा फिरवणाऱ्या बायका. तिसऱ्या मॅचला मी आमच्या लेफ्ट बॅकला पाय उचलून पळायला सांगत होते, आणि तो पळतही होता. माझ्यामुळे नसेल, पण पळत होता. हे ऐकून माझ्या नवऱ्यानेही तिकीट काढलं. तो तीस वर्षं ऑफिसात फाइली वाचून निवृत्त झालेला माणूस. मॅचला येतानाही थर्मास आणि चष्म्याची डबी घेऊन आला.

ती चौथी मॅच. गेटवर बाईगार्डने मला तपासलं. गळ्यापाशी तिचा हात थांबला.

"ये क्या है?"

"मंगळसूत्र," मी म्हणाले.

मी खोटं बोलले नाही. तिचं बोट नेमकं कशावर होतं, ते मी वाकून पाहिलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये आपण एका गोलने पुढे होतो. आमच्या स्टँडमध्ये समर्थकांचा ढोलवाला होता, चाळिशीचा, भरघोस दाढी, पहिलवानासारखा. उत्साहाच्या भरात तो ढोलासकट पुढच्या कठड्यावर चढला आणि एक पाय हवेत ठेवून वाजवायला लागला. खाली चांगली आठ-दहा फुटांची उडी. कठड्यावर चढलेल्या माणसाकडे बघून मी आयुष्यात कधी विचार केलेला नाही. हात आपोआप गळ्याशी गेला, आणि मी अशी जोरात शिट्टी मारली की माझ्याच कानाला दडे बसले.

ढोलवाला तत्काळ खाली उतरला. ढोल जमिनीवर ठेवला, हात मागे घेतले आणि म्हणाला, "सॉरी मॅडम."

मला फार बरं वाटलं. आजही दरारा आहे म्हटलं. मग लक्षात आलं, आजूबाजूला जरा जास्तच शांतता पसरलीय.

मी मैदानाकडे पाहिलं. आमच्याच गोलसमोर सगळे खेळाडू पुतळ्यासारखे उभे होते. आणि आमचा एक डिफेंडर, मिझोरामचा चोवीस वर्षांचा पोरगा, बॉल दोन्ही हातांत उचलून निघाला होता. फ्री किक मिळाली असं समजून तो चांगली जागा बघत होता. बॉल खाली ठेवला, हाताने जरा गवत सारखं केलं, दोन पावलं मागे गेला. मग त्याच्या लक्षात आलं की सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघतंय.

समोरच्या टीमने एकच गिल्ला केला, "हँड! हँड!" रेफरीने पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

"अरे, याला येड लागलं काय!" शेजारीण उभी राहून किंचाळली. "हातात उचलला बॉल! बाजारात आलास काय रे भाजी निवडायला?" पुढे तिने गावठाणच्या भाषेत त्याच्या अकलेचा, डोळ्यांचा आणि गेल्या तीन पिढ्यांचा समाचार घेतला. बिचारा डिफेंडर स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून रेफरीला काहीतरी सांगत होता. तिसऱ्या पिढीवर असताना शेजारणीने दाद मागायला माझ्याकडे मान वळवली.

शिट्टी अजून माझ्या तोंडातच होती.

"बाय," ती अगदी हळू म्हणाली, "तू?"

मी मान हलवली. शिट्टीतून बारीक फुर्र आवाज आला.

"गिळून टाक," ती म्हणाली.

तोवर मागच्या रांगेत नवऱ्याने चष्मा लावून मोबाइल डोळ्यांसमोर धरला होता. आग लागली तरी हा आधी नियम बघणार. ऑफिसातली नोटीस वाचावी तशा आवाजात तो म्हणाला, "हे बघ, आहे. प्रेक्षकाने शिट्टी वाजवल्यास, आणि त्यामुळे खेळात व्यत्यय आल्यास, रेफरीने खेळ थांबवून ड्रॉप बॉल द्यावा. म्हणजे बॉल खाली टाकून खेळ पुन्हा सुरू करावा."

"असा नियम आहे?"

"छापील आहे."

मला केवढा धीर आला म्हणून सांगू! नियम आहे म्हणजे जगात माझ्याआधी कुणीतरी हे करून ठेवलंय. बहुधा तीसुद्धा पी.टी.ची बाईच असणार.

पण रेफरीला हे कुणी सांगायचं? खाली दोन्ही टीम एकमेकांच्या अंगावर जात होत्या. "शिट्टी कुणी वाजवली?" स्टँडमध्ये विचारणा सुरू झाली. हा प्रश्न मी स्वतः वर्गात शेकडो वेळा विचारलेला. "कुणी केलं? उभं राहा." कधी कुणी उभं राहिलं नाही, आणि मी दरवेळी आख्ख्या वर्गाला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. आता स्वतःवर आली तेव्हा कळलं, पोरं का उभी राहत नव्हती.

मी उभी राहिले. हातात शिट्टी उंच धरली आणि ओरडले, "मी वाजवली! त्याची चूक नाही!"

चार-पाच हजार माणसांनी वळून बघितलं. ढोलवाला माझ्या बाजूला उभा राहिला आणि भोंग्यासारख्या आवाजात ओरडला, "मॅडमनी वाजवली! मला वाजवली!" मग आमच्या स्टँडने ते उचललं, "मॅडमनी वाजवली! मॅडमनी वाजवली!" त्याला लगेच ढोलाचा ठेकाही मिळाला. पलीकडच्या कोपऱ्यात पाहुण्या टीमचे पंचवीसेक समर्थक होते, तेही माझ्याकडे बघून मनापासून टाळ्या वाजवत होते. अख्ख्या मॅचमध्ये त्यांच्या टीमसाठी एवढं कुणीच केलं नव्हतं.

रेफरी लाइनवरच्या सहायकाशी बोलला, कानातल्या यंत्रात बोलला, आमच्या स्टँडकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी त्याने पेनल्टी रद्द केली आणि ड्रॉप बॉल आमच्या गोलकीपरला दिला. गोल झाल्यावरही झाला नसता तेवढा जल्लोष झाला. दोन मिनिटांत तीच बाईगार्ड वर आली आणि हात पुढे केला. मी शिट्टी गळ्यातून काढून दिली.

"और वो मंगळसूत्र?" तिने विचारलं.

"वो असली है," नवरा घाईघाईने म्हणाला.

मॅच शेवटी बरोबरीत सुटली. त्यांनी अखेरच्या मिनिटाला सरळमार्गी गोल केला. सगळे हळहळत होते. मला मात्र मनातून सुटल्यासारखं झालं, कारण त्या गोलशी माझा काही संबंध नव्हता.

पण त्या मिझो पोराचा चेहरा डोळ्यांसमोरून जाईना. पंधरा दिवसांनी क्लबने आसपासच्या लोकांसाठी सरावाची सकाळ ठेवली, खेळाडूंना भेटा, फोटो काढा वगैरे. शेजारीण म्हणाली, "रिकाम्या हाताने माफी मागतात काय?" मी शंकरपाळे केले. तिने त्यांच्या लग्नाकार्यात करतात ते फुगे तळले, गोल, हलके, खोबऱ्याच्या दुधातले. मोठा डबा भरला.

तो ओळीत सह्या देत होता. मी तयार केलेलं हिंदी भाषण विसरले आणि म्हणाले, "बेटा, वो शिट्टी मैं थी."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हसत सुटला, असा की खुर्चीवरून घसरला. "मॅडम," तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "हमारे स्कूल में भी ऐसी टीचर थी. सीटी बजी, तो बस रुको. सोचना नहीं." मग तोंड अगदी गंभीर करून, "रेफरी की सीटी से अच्छी थी. मैं सच में डर गया."

मला गहिवरून आलं. आपल्या कामाची इतकी चांगली पावती मला शाळेनेसुद्धा दिली नव्हती. शेजारणीने तोवर डबा उघडून एक फुगा त्याच्या तोंडात कोंबला होता. क्लबची आहारतज्ज्ञ मुलगी धावत आली. "आंटी, प्लीज! तळलेलं चालत नाही त्यांना!"

"तुला चालतं ना?" शेजारणीने विचारलं आणि दुसरा फुगा तिच्या हातावर ठेवला.

मुलीने इकडेतिकडे पाहिलं, कोच पाठमोरा आहे याची खात्री केली आणि खाल्ला. मग आणखी एक घेतला. तोवर गोलकीपर ओळ मोडून पुढे आला होता.