वेळ न घेतलेली शर्यत

२६ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी आठ वाजून सेहेचाळीस मिनिटे, अडतीस सेकंद. कळंब.

ही वेळ माझ्या मनगटावरच्या घड्याळातली आहे. महिलांच्या आठ किलोमीटर सायकल शर्यतीची अंतिम रेषा मी पहिली ओलांडली, तेव्हा रेषेवर कोणीही नव्हते. चुन्याची पांढरी पट्टी होती. बाजूला टेबल, टेबलावर वही, वही उडू नये म्हणून तिच्यावर दगड. वेळ नोंदवणारे क्रीडाशिक्षक मांडवात पोहे खात होते. स्टॉपवॉच त्यांच्या गळ्यात लोंबत होते.

मी सायकल हाताने ढकलत मांडवात गेले.

"सर, माझी वेळ?"

त्यांनी आधी माझ्या मांड्यांकडे पाहिले. सायकलिंगची घट्ट चड्डी, गुडघ्यापर्यंत. मग पोह्यांकडे पाहिले.

"कायची वेळ?"

"शर्यतीची."

"लेडीजचा टाइम नाही घेत आपन. नंबर घेतो. पयली आली ना तू? मंग झालं."

मी एम.एस्सी. आहे. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. ज्या राशीचे मापन झाले नाही तिच्याबद्दल काहीही बोलता येत नाही, हे मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगते. आता माझ्यासमोर माझेच शरीर धापा टाकत उभे होते आणि त्याचे मापन झालेले नव्हते.

ही वेळ मला हवी होती, कारण माझ्या पिशवीत एक अर्ज होता. राज्य संघाच्या निवड चाचणीचा. त्यात एक रकाना होता: खुल्या स्पर्धेतील अंतर, नोंदवलेली वेळ, आयोजकांची सही. अर्ज पोहोचवायला पाच दिवस उरले होते. वयाच्या अटीमुळे ते माझे शेवटचे वर्ष होते. अकरा महिने मी रोज पहाटे यवतमाळच्या दिशेने चढ चढत होते. रोजची नाडी, रोजचा वारा, रोजचा वेग वहीत. एवढे सगळे त्या एका रकान्यासाठी.

पुरुषांची शर्यत चाळीस किलोमीटरची होती. मी चाळीससाठीच नाव द्यायला गेले होते. शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या अध्यक्षांनी हसून माझे नाव खालच्या यादीत टाकले होते. "तुमच्या तब्येतीसाठीच आठ ठेवले, मॅडम. मागच्या साली एक पोट्टी चक्कर येऊन पडली." ती मुलगी उपाशी होती. तिचा त्या दिवशी उपवास होता. त्याच वर्षी दोन मुलगे वळणावर ओकले होते, त्यांचे अंतर कोणी कमी केले नाही. एका निरीक्षणावरून नियम. माझ्या वर्गात असा निष्कर्ष काढणाऱ्याला मी शून्य गुण देते. इथे मी मान डोलावली. आठ तर आठ, निदान वेळ मिळेल.

आता अध्यक्ष घाईघाईने आले. त्यांच्या हातात केशरी ओढणी होती.

"मॅडम, अभिनंदन! हे कमरेले गुंडाळून घ्या. फोटोवाले हायेत. पोट्टे सव्वानवाले येऊन राह्यले, औक्षणाले उभं राहाचं हाये."

"भाऊ, माझी वेळ घेतलेली नाही."

"एवढंच ना? टाकून देतो ना अंदाजे. कायले टेन्शन घेता? आधी ताट घ्या."

मी ताट घेतले.

हे वाक्य लिहायला मला बरेच दिवस लागले. प्रात्यक्षिकाच्या वहीत अंदाजे आकडा टाकणाऱ्या मुलांना मी पान फाडायला लावते. आणि मी ओढणी गुंडाळली, घाम पुसला, निरांजन सांभाळत उन्हात उभी राहिले. आम्ही बाराजणी. बाराजणींच्या हातात बारा ताटे. कुणाच्या हाताला अजून हँडलचा कंप होता, तिच्या ताटातले तांदूळ थरथरत होते.

उभ्या उभ्या मी हिशेब मांडला. पुरुष आठ वाजता सुटले, परत येणार सव्वानऊला. आम्हाला साडेआठला सोडले. आमच्यातली सर्वांत हळू मुलगीसुद्धा नऊच्या आत पोहोचायला हवी, म्हणजे तोंड धुऊन, ओढणी घेऊन ताट हाती धरायला वेळ उरतो. तेवढ्या वेळात जाऊन येता येईल असे अंतर किती? आठ किलोमीटर. तब्येतीचा काही संबंध नव्हता. आमची शर्यत औक्षणाच्या वेळेवरून बेतलेली होती.

पहिला आला. माईकवरून घोषणा झाली: एक तास, सोळा मिनिटे, वीस सेकंद. टाळ्या. मी त्याच्या कपाळाला टिळा लावला. त्याने लाजून "थँक्यू, ताई" म्हटले. त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग वहीवर आहे. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाची वेळ त्या वहीत चढली. वाटेत ढाब्यावर चहा प्यायला थांबलेला एक गृहस्थ होता. तो दहा वाजून गेल्यावर गाणे म्हणत आला. त्याचीही वेळ चढली, सेकंदासकट.

साडेदहाला बक्षिसे. त्याआधी अध्यक्षांनी माझ्या घड्याळातली वेळ विचारली, माझा अर्ज मागून घेतला, रकाना भरला, सही केली, क्लबचा शिक्का मारला आणि डोळा मिचकावून परत दिला. "पंधरा मिनिटं टाकले. दीड मिनिट आमच्याकडून भेट."

माझी खरी वेळ सोळा मिनिटे अडतीस सेकंद होती. कागदावरची वेळ खोटी होती, आणि खऱ्यापेक्षा चांगली होती. मी अर्जाची घडी घालून पिशवीत ठेवली. हेही मी केले.

मग महिलांची बक्षिसे. संक्रांतीचा महिना चालू होता. क्लबने युक्ती काढली होती: महिलांची बक्षिसे हळदीकुंकवातच उरकायची. अध्यक्षांच्या पत्नी, सगळ्यांच्या वहिनी, हळदीकुंकवाची कोयरी घेऊन मंचावरून खाली आल्या. मला कुंकू लावले, तिळगूळ दिला आणि वाण म्हणून स्टीलचा डबा. पहिल्या क्रमांकाचा डबा मोठा.

दुसरी आली होती वंदनाताई. वय चौतीस. आशासेविका. तीन गावे रोज सायकलने करते. गिअर नसलेली, पुढे जाळीची टोपली असलेली सायकल. माझ्यामागे ती फक्त दोन मिनिटांनी आली होती, साडीवर. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला, हे गावाला माहीत होते.

वहिनींचा हात तिच्या कपाळापर्यंत गेला आणि थांबला. त्यांनी बोटावरचे कुंकू पदराला पुसले. खाली पाहत त्या पुढे सरकल्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या मुलीला कुंकू लावले. मग चौथीला. दुसऱ्या क्रमांकाचा डबा वाणांच्या टोपलीत तसाच राहिला. माईकवरून कोणाचेही नाव पुकारले गेले नाही. वाण सवाष्णीला आणि कुमारिकेला देतात. विधवेला नाही. शर्यतीचे बक्षीस वाण झाले, तेव्हा शर्यतीतली दुसरी नाहीशी झाली.

मी तिच्याकडे पाहिले.

"राहू द्या ना, मॅडम," ती हळूच म्हणाली. "मले सवय हाये. बारा बाया पाहून राह्यल्या, कायले शोभा करता?"

ती दुसरी आली होती याचा पुरावा कुठे होता? वहीत नव्हता. आमच्या शर्यतीचे वहीत पानच नव्हते. वेळ घेतली असती तर तिच्या नावापुढे आकडा असता, आणि आकड्याला कोणी कुंकू लावत नाही. त्या क्षणी मला कळले की पिशवीतले ते पंधरा मिनिटांचे खोटे आणि वंदनाताईला न दिलेला डबा एकाच वहीतून आले आहेत. ज्या वहीत आम्ही नाही, तिच्यात मला अंदाजे घालता येते आणि तिला सहज गाळता येते.

मी मंचावर गेले. डबा टेबलावर ठेवला. अर्ज काढला आणि सही-शिक्क्यासकट मधोमध फाडला. मी माईक मागितला नाही, मोठ्याने बोलले.

"आमची वेळ घेतली नाही, म्हणजे आमची शर्यत झाली नाही. न झालेल्या शर्यतीचे बक्षीस आणि खोटी वेळ, दोन्ही परत घ्या."

मागून कोणीतरी शिट्टी मारली.

अध्यक्षांचा चेहरा उतरला नाही, फक्त आवाज उतरला. "आमी मान देऊन राह्यलो मॅडम तुमाले. मानच नसंन पाह्यजे तं बोलनंच खुंटलं. एवढा जोर हाये तं जा ना चाळीस किलोमीटर. कोनं अडोलं?"

"जाते. स्टॉपवॉच द्या."

"घड्याळ क्लबचं हाये."

सायकली दुरुस्त करायला बोलावलेले सलीमचाचा खाली चाक घेऊन बसले होते. ते उठले. "चल बेटी. वीस किलोमीटरवरच्या वळणावर जाऊन आली का नाही, ते मी पाहातो. माही गाडी काय क्लबची नाही." त्यांनी मोपेडला किक मारली. वंदनाताईने पदराची गाठ सोडून मोबाईल काढला. "याच्यात हाये वाटते घड्याळ. कुठं दाबाचं, ते दाखवा."

मी दहा वाजून पन्नास मिनिटांनी सुटले. ऊन चढले होते, पायांत आधीची शर्यत होती, पोटात एक तिळगूळ. परत आले तेव्हा मांडवाचे बांबू काढत होते. वंदनाताई चुन्याच्या रेषेवर उभी होती, अंगठा मोबाईलवर टेकवून. एक तास, बावीस मिनिटे, सत्तेचाळीस सेकंद. मी पहिल्या आलेल्या मुलाला हरवले नाही. पुरुषांच्या यादीत मी नववी असते. पण असते. सलीमचाचांनी वळण पाहिल्याचे लिहून सही केली. अध्यक्षांनी केली नाही. "क्लबच्या शर्यतीत झालं नाही ते."

अर्ज गेला नाही. ते वर्ष गेले. संघाचा दरवाजा वयाने बंद झाला, आणि तो मी स्वतःच्या हाताने बंद केला असे घरात मानतात. आई म्हणाली, "लग्नाच्या गोष्टी चालू हायेत आन् तू चौकात चड्डीवर भांडून राह्यली." प्राचार्यांनी बोलावून पोशाखाबद्दल समज दिली. पोशाखाची तक्रार लेखी होती. वेळ न घेतल्याची माझी लेखी तक्रार क्लबला पोहोचलीच नाही, असे क्लब म्हणतो. पोचपावती माझ्याकडे आहे.

या वर्षीच्या शर्यतीचे पत्रक निघाले आहे. चाळीस किलोमीटरच्या गटात केवळ पुरुष घ्यावेत असे त्यात कुठेही लिहिलेले नाही. लिहायची गरजच कधी पडली नव्हती. मी नाव दिले आहे. वंदनाताईने दिले आहे, त्याच टोपलीच्या सायकलवर. अध्यक्षांचा फोन आला.

"मॅडम, महिलांचं दहा करतो ना यंदा. बारा करतो. कायले आमच्यावर उठल्या?"

"चाळीस," मी म्हटले. "आणि ताट कोणी धरणार नाही."

फोन ठेवल्यावर वंदनाताईने विचारले, "मी तं शेवटची येईन. पन टाइम तं लागंन ना?"

लागेल. ते घेणार नसतील तर आम्ही घेऊ, रेषेवर, त्यांच्या टेबलाला टेबल लावून, आमची वही उघडून. सुटण्याच्या रेषेवरून हटवले तर दहा पावले मागून सुटू. शर्यतीत धरले नाही तरी रस्ता मोजलेला आहे आणि सेकंद सगळ्यांना सारखा आहे. आम्ही पहिल्या येऊ की शेवटच्या, हा नंतरचा प्रश्न. आधी आमचे मापन. यापुढे अंदाजे काहीही मी घेणार नाही: वेळ नाही, बक्षीस नाही, मान नाही.

गेल्या रविवारची नोंद, साक्षीदार वंदनाताई: चाळीस किलोमीटर, जाताना उलटा वारा, एक तास सतरा मिनिटे एकतीस सेकंद.