जवळ म्हणजे किती जवळ

‘पुस्तकात नाही म्हटलं आहे काय?’ असं विचारून काकू चष्मा कपाळावर चढवायच्या. चष्मा वर गेला की आम्ही चहा मागवायचो. वाद लांबणार हे ठरलेलं असे.

रामदासपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही मित्र खेळायला बसतो. खेळ असा, की प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, मी भुयारं, राक्षस, जादूगारांची गोष्ट सांगायची आणि पात्र वाचलं की मेलं ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. पडलेल्या आकड्यात नियमाप्रमाणे बोनस मिळवायचा; आकडा जितका मोठा तितकं चांगलं. काकू एकदा तयार झालेला चष्मा न्यायला शटरखालून वाकून आत आल्या. ‘हे काय करून राहिले गा तुम्ही?’ म्हणाल्या, आणि आमचं नियमांचं पुस्तक वाचून चष्मा तपासून घेतला. पुढच्या रविवारी त्या खेळायला हजर.

विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. सगळी नोकरी लोकांचे दावे तपासण्यात, म्हणजे बहुधा नाकारण्यात गेली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण आमच्याकडे त्या प्रत्येक नियम देण्याच्या बाजूने वाचायच्या.

आमच्या पात्रांची नावं वज्रबाहू, रक्तखड्ग अशी. काकूंच्या कुऱ्हाडवालीचं नाव सुमन. सुमन जवळ असली की साथीदाराला दोन गुण जास्त, असा नियम होता. ‘साथीदार’ कोण आणि ‘जवळ’ म्हणजे किती, ते पुस्तकात नव्हतं. आमचं खेचर झुलत्या पुलावर अडलं तेव्हा काकूंनी त्याच्यासाठी बोनस मागितला.

‘काकू, खेचर सामानात येतं.’

‘सामान कधी स्वतःहून पळून जाते काय? हे मागच्या रविवारी पळालं. मंग सामान कसं?’

खेचराला साथीदार मानण्यात आलं. ते पूल ओलांडून गेलं.

आमच्यातला प्रशांत कॉलेजात शिकवतो. त्या दिवसांत त्याची आई जवळच्याच दवाखान्यात आयसीयूत होती. आत सोडत नसत, म्हणून सकाळभर बाहेरच्या बाकावर बसून झालं की तो आमच्याकडे यायचा. अशाच एका रविवारी त्याचा धनुर्धर विषारी धुरात सापडला. सुमन भिंतीपलीकडच्या खोलीत, दार बंद. मी म्हणालो, बोनस नाही.

‘काहून नाही?’ चष्मा वर गेला.

‘सुमन त्याला दिसत नाही. तिथून ती काही करूही शकत नाही.’

‘पुस्तकात “जवळ” लिहिलं आहे. “दिसली तं” असं नाही लिहिलं. याची माय आत, हा बाहेर बाकावर. तं हा काय तिच्याजवळ नाही?’

मी दोन गुण दिले. प्रशांतने फासा टाकला. दोन मिळवूनही एक कमी पडला. धनुर्धर मेला.

‘मेला तं मेला,’ काकू म्हणाल्या. ‘त्याच्या हक्काचे होते ते त्याले भेटले.’ मग पिशवी उचलून प्रशांतला म्हणाल्या, ‘चाल गा, दवाखान्यात जाऊ.’

त्या दिवसापासून आई घरी येईपर्यंत त्या रोज बाकावर बसल्या. काय बोलायचात, असं मी प्रशांतला नंतर विचारलं.

‘विशेष काही नाही. नवं पात्र कोणतं घेऊ, त्याचे नियम वाचून दाखवायच्या.’

यंदा काकूंच्या धाकट्या बहिणीला पक्षाघात झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. काकू कुहीजवळच्या गावी तिच्याकडे राहायला गेल्या. जाताना एक फासा मागून नेला.

धानाची कापणी चालू असताना आम्ही भेटायला गेलो. बहीण खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि समोर कुठला राक्षस उभा आहे ते काकू तिला सांगत होत्या. बहिणीने डाव्या हाताने फासा टाकला. तो घरंगळत कपाटाखाली गेला.

काकू गुडघ्यांवर बसल्या, मोबाइलचा टॉर्च लावला, गाल जमिनीला टेकवून बराच वेळ आत पाहत राहिल्या.

‘वीस!’ त्या तिथूनच ओरडल्या.

बहिणीचा अर्धा चेहरा हसला. आमच्यापैकी कोणी खाली वाकून पाहिलं नाही.