स्मिताबाईंचं लाल पेन

खारघरच्या त्या सोसायटीत बिनचूक इंग्रजी पाटी एकाच दारावर होती: 'द चिटणिसेस'. बाकीच्यांनी आपापल्या आडनावाला एस लावून त्याच्या आधी हौसेने अपॉस्ट्रॉफी, म्हणजे अक्षराच्या डोक्यावरचा तो स्वल्पविराम, लटकवली होती. लिफ्टची वाट बघताना स्मिताबाई चिटणीस त्या पाट्यांकडे नाक मुरडून बघायच्या. "अपॉस्ट्रॉफी मालकी दाखवायला असते. कुटुंबात माणसं अनेक, तर नुसतं अनेकवचन करा. नावाच्या शेवटी एस असला तर ईएस लावा. कठीण काय आहे यात?" शेजारी उलट त्यांच्याच पाटीला हसायचे. हे चिटणिसेस काय प्रकरण आहे, ते कुणाला कळत नव्हतं.

बाईंची हयात शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. नवरा ऐन तारुण्यात गेला, आशुतोषला त्यांनी एकटीने वाढवलं, त्याबद्दल त्यांना कोणी नावं ठेवणार नाही. पण शाळा सुटली तरी लाल पेन सुटलं नाही. ते कायम पर्समध्ये असे, आणि समोरच्याची चूक सापडली की बाईंच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

आशुतोषने सारसोळ्याची निशिगंधा पसंत केली. तिचे वडील गंगाराम तांडेल लग्नाची इंग्रजी पत्रिका दाखवायला आले. तांडेल कुटुंबाच्या नावात त्यांनीही ती अपॉस्ट्रॉफी घातली होती. बाईंनी पाहुण्यांदेखत ती लाल पेनाने खोडली, खाली 'नापास' लिहिलं आणि पत्रिका त्यांच्या हातात परत दिली.

"आमी खाडीवरची मानसं, बाई," गंगाराम हसत म्हणाले. "परत छापून आनतो."

त्या हसण्याआड माणूस पार खजील झाला होता. बाईंना ते दिसलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

लग्नानंतर सुनेला नियम लागू झाला: सासूला मेसेज इंग्रजीतच करायचा. "तुझ्याच भल्यासाठी." तिची प्रत्येक चूक बाई फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या. आल्यागेल्याने ती वाचायची, हसायचं, आणि निशिगंधेने त्यांना चहा द्यायचा. पोर हळूहळू बोलेनाशी झाली.

पुढे तिला दिवस गेले, आणि सातव्या महिन्यातच एका दुपारी कळा सुरू झाल्या. आशुतोष पुण्याला गेलेला, बाई खालच्या मजल्यावर शिकवणी घेत होत्या. कळा सोसत निशिगंधेने मेसेज केला, आणि तोही नियम पाळून इंग्रजीत. बाईंनी तो वाचला, सवयीने दुरुस्त करून परत धाडला, फोन पालथा ठेवला आणि धडा पुढे चालू केला. त्यात काय लिहिलं होतं ते डोक्यात शिरेपर्यंत बराच वेळ गेला. त्या धापा टाकत वर पोचल्या तेव्हा घर उघडं होतं. शेजारच्या नायरबाईंनी सुनेला हॉस्पिटलात नेलं होतं.

बाळ काचेच्या पेटीत राहून वाचलं, मुलगी झाली. निशिगंधा हॉस्पिटलातून सरळ माहेरी गेली. आशुतोषही तिकडेच राहायला गेला.

मग एक दिवस त्याचा फोन आला. "आई, बारशाला ये. सगळ्यांसमोर तिची माफी माग, बस. मग ती घरी यायला तयार आहे. नाहीतर आम्ही इकडेच राहू."

बाईंना नात हवी होती, अगदी जीव तुटून हवी होती. सारसोळ्याला जाताना रिक्षात त्या माफीचे शब्द पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या.

अंगणात मांडव होता. निशिगंधा बाळाला घेऊन दारात उभी होती. बाळ सासूच्या ओटीत घालायचं असं घरात ठरलं होतं. बाई तिच्याकडे निघाल्या, तेवढ्यात गंगाराम हात जोडून पुढे आले.

"बाई, येवढा बॅनर बघा. या टायमाला बरोबर हाय ना?"

बाईंनी मान वर केली. जाईचं बारसं, असं वर इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीसकट लिहिलं होतं. खाली तांडेल मंडळी आपलं स्वागत करतात, आणि त्यांच्या नावात तीच जुनी अपॉस्ट्रॉफी.

हो म्हणायला काय जात होतं त्यांचं? पण हात पर्समध्ये गेलाच.

"वरची बरोबर आहे. बारसं जाईचं, म्हणून. खालची चूक. पत्रिकेच्या वेळीही हेच सांगितलं होतं तुम्हाला. एवढ्या दिवसांत डोक्यात काही शिरलं नाही?" त्या पेन रोखून सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं समजावत राहिल्या. पाळणा म्हणणाऱ्या बाया मान वळवून बघू लागल्या. लेकीच्या सासरच्यांसमोर गंगाराम खाली मान घालून उभे राहिले.

बाई वळल्या तेव्हा दारात निशिगंधा नव्हती. तिथे आशुतोष उभा होता.

"अरे, मी माफी मागायलाच आले होते. बोलाव तिला, आत्ता मागते."

"राहू दे आई. रिक्षा थांबवून ठेवलीय तुझ्यासाठी."

जाईने खारघरचं घर आजवर पाहिलेलं नाही. दारावर 'द चिटणिसेस' अजून आहे. शेजारी आता त्या पाटीला हसत नाहीत. तिच्यामागे एकटी बाई राहते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.